भिंतीवरची बटणं काचेत कशी गेली

बिल्डिंग ऑटोमेशनच्या मीटिंगमध्ये टचस्क्रीनचा विषय निघाला की चर्चा साधारण तीन गोष्टींवर होते. किती इंची, कुठल्या कंपनीचा आणि केवढ्याला. फार तर कोणीतरी विचारतं, "मोबाईलसारखा स्मूथ चालतो ना?" रात्री तीन वाजता तळघरात, घामेजल्या हाताने, चिलर बंद पडलेला असताना या पॅनेलला बोट कोण लावणार आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. गंमत म्हणजे टचस्क्रीनचे जे प्रकार आज आपण कॅटलॉगमध्ये पाहतो, त्यातला प्रत्येक प्रकार अशाच कुठल्यातरी कामाच्या जागेवरच्या प्रश्नातून आलेला आहे.

सुरुवात टचस्क्रीनच्याही बरीच आधी होते. १८८० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे एक मास्तर शिकवत होते. थंडीचे दिवस. शाळेचा शिपाई दर थोड्या वेळाने प्रत्येक वर्गात यायचा, गरम होतंय की गार ते बघायचा आणि मग तळघरात जाऊन गरम हवेच्या झडपा कमी-जास्त करायचा. म्हणजे तास चालू असताना मध्येच दार उघडणार, सगळी पोरं तिकडे बघणार. जॉन्सननी वर्गात तापमान ओळखणारं एक विजेवर चालणारं यंत्र बसवलं. त्यामुळे शिपायाला तळघरातच घंटा वाजून कळायला लागलं. १८८३ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं आणि १८८५ मध्ये मिलवॉकीत कंपनी काढली. तीच आजची जॉन्सन कंट्रोल्स.

त्या घंटेत आपल्या आजच्या पॅनेलचं बीज आहे. इमारतीच्या कानाकोपऱ्यातली माहिती एका जागी आणायची, आणि ती एका माणसाला कळेल अशी मांडायची. पुढची शंभर वर्षं या धंद्यात हेच चाललं. बराच काळ काम चाललं दाबलेल्या हवेवर. तांब्याच्या बारीक नळ्या भिंतीतून फिरवलेल्या असायच्या, ३ ते १५ पीएसआय दाबात सगळी भाषा, आणि तळघरात भिंतभर डायल, गेज आणि नॉब. इमारत जितकी उंच, तितकी ती भिंत लांब. वायरी आल्या तरी हिशोब तोच राहिला. एका गोष्टीला एक बटण, एक दिवा, एक वायर. पंख्यांची संख्या दुप्पट झाली की बटणंही दुप्पट.

१९७२ मध्ये जॉन्सन कंट्रोल्सनेच जेसी/८० नावाचा, खास इमारतींसाठी बनवलेला मिनीकॉम्प्युटर आणला. आता हजार गोष्टी एका यंत्राला कळू लागल्या. पण यंत्राला कळलेलं माणसाला दाखवायचं कसं, आणि माणसाचं म्हणणं यंत्राला सांगायचं कसं, हा प्रश्न उरलाच.

नेमका हाच प्रश्न त्याच सुमारास भलत्याच ठिकाणी लोकांना छळत होता. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत एसपीएस नावाचा सुमारे ७ किलोमीटर घेराचा कणवेगवर्धक बांधला जात होता. तिथल्या जुन्या वेगवर्धकाच्या कंट्रोल रूममध्ये हजारो बटणं, नॉब आणि स्विच होते, प्रत्येकाची वायर थेट यंत्रापर्यंत गेलेली. तोच हिशोब नव्या यंत्राला लावला असता तर खोली पुरली नसती, पैसे पुरले नसते आणि माणसंही. नव्या कंट्रोल रूमची जबाबदारी फ्रँक बेक यांच्याकडे होती. त्यांनी बेंट स्टुम्प या डॅनिश इंजिनिअरला विचारलं, काही करता येईल का? ११ मार्च १९७२ ला स्टुम्पनी हाताने लिहिलेलं एक टिपण दिलं. त्यात तीन गोष्टी सुचवल्या होत्या: एक ट्रॅकर बॉल, कॉम्प्युटरकडून अर्थ बदलता येणारा एक नॉब, आणि काचेवरची ठरावीक बटणं, ज्यांच्यावरची नावं कॉम्प्युटर बदलू शकेल.

काचेवर तांब्याच्या अतिसूक्ष्म रेषा कोरून बटणं तयार केली. बोट जवळ आलं की तिथली विद्युत धारिता किंचित बदलते, ती मोजायची. एका पडद्यावर बटणं किती? फक्त सोळा. पण त्या सोळांची नावं दर पानाला बदलायची, त्यामुळे सोळाचे हजारो होऊ शकत. १९७६ मध्ये एसपीएस सुरू झाला तो याच पडद्यांवर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. स्टुम्पनी काचेवरच्या बटणांबरोबर हाताने फिरवायचा नॉबही ठेवला होता. पान निवडायला काच चांगली, पण एखादी किंमत अलगद कमी-जास्त करायला बोटांच्या चिमटीत काहीतरी हवं. ही समज पहिल्याच टिपणात होती, आणि पुढे आपण ती बऱ्यापैकी विसरलो.

'पहिला टचस्क्रीन कोणाचा' या वादात मी पडत नाही, कारण मान द्यायला माणसं बरीच आहेत. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन (हे वेगळे जॉन्सन) यांनी १९६५ मध्येच विमान वाहतूक नियंत्रकांना डोळ्यासमोर ठेवून अशा पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली होती. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या शिक्षणप्रणालीच्या टर्मिनलवर १९७२ मध्ये इन्फ्रारेड पडदा आला. चौकटीत आडवे-उभे अदृश्य किरण, १६ बाय १६ ची जाळी, आणि बोटाने किरण अडवला की जागा कळते. विद्यार्थ्याने नुसतं उत्तरावर बोट ठेवायचं. तिसरा प्रकार सॅम हर्स्ट यांचा. त्यांना आलेखांच्या लांबच लांब कागदी पट्ट्यांवरचे आकडे वाचायचे होते. त्यातून दाबावर चालणारा रेझिस्टिव्ह सेन्सर निघाला. दोन थर, मध्ये बारीक फट, दाबलं की थर टेकतात आणि व्होल्टेजवरून जागा कळते. आधी तो पारदर्शकही नव्हता, काचेवर तो नंतर आला.

थोडक्यात काय, कपॅसिटिव्ह आला शांत कंट्रोल रूममधून, इन्फ्रारेड वर्गातून आणि रेझिस्टिव्ह नोंदींच्या टेबलावरून. जागा बदलली की काय होतं याचं उदाहरण म्हणजे १९८३ चा एचपी-१५०. इन्फ्रारेड पडद्याचा हा कॉम्प्युटर ऑफिसच्या टेबलावर आला, आणि पडद्याभोवतीच्या किरणांच्या भोकांमध्ये धूळ बसायला लागली. ऑफिसात ही गत, तर एअर हँडलिंग युनिटच्या खोलीत काय होईल ते तुम्हीच सांगा.

इमारतींच्या पॅनेलवर बरीच वर्षं रेझिस्टिव्हचं राज्य होतं, आणि त्याला कारण होतं. हातमोजे घाला, पेनाच्या टोपणाने दाबा, ओल्या हाताने दाबा, तो चालतो. मग २००७ मध्ये आयफोन आला आणि लोकांच्या बोटांची सवयच बदलली. दाबायचं नाही, नुसतं स्पर्शायचं. आता प्लांट रूममध्येही लोकांना तोच फोन हवा असतो. आजचे कपॅसिटिव्ह पडदे हातमोजे आणि पाण्याचे थेंब यांच्यासाठी जुळवून घेता येतात हे खरं. पण ते मागून घ्यावं लागतं आणि तपासून घ्यावं लागतं. विक्रेत्याच्या एसी ऑफिसात नव्हे, पंपाशेजारी.

म्हणून माझा हिशोब साधा आहे. लॉबीत किंवा कॉन्फरन्स रूममध्ये, जिथे कोरडे आणि अनोळखी हात येतात, तिथे कपॅसिटिव्ह. प्लांट रूममध्ये, जिथे ग्रीस आणि मोजे आहेत, तिथे चांगला रेझिस्टिव्ह, तोही फाइव्ह-वायर. फोर-वायरमध्ये वरची फिल्म झिजली की बोट एकीकडे आणि ठोका दुसरीकडे. पुढचा भाग आयपी ६५, म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा झोत सोसेल.

आणि बॅकलाइट बघा. ५०,००० तास हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो. पण वर्षात ८,७६० तास असतात. चोवीस तास चालू ठेवलात तर साधारण पावणेसहा वर्षांत उजेड निम्म्यावर. इमारत पन्नास वर्षं उभी राहणार आहे! पॅनेलमधल्या सॉफ्टवेअरचंही तेच. एके काळी असंख्य पॅनेल विंडोज सीईवर चालायचे. त्या घराण्यातल्या शेवटच्या आवृत्तीचा सपोर्ट २०२३ मध्ये संपला. म्हणून मागचा संवाद बॅकनेटसारख्या खुल्या पद्धतीने असावा. १९९५ मध्ये प्रमाणित झालेली ही भाषा आजही चालते. काच बदलता आली पाहिजे, इमारत न फोडता.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका एका टँकरवर आदळली आणि १० खलाशी गेले. तिचं सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवर होते. गर्दीच्या समुद्रात नियंत्रण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर देताना गोंधळ झाला. सुकाणू गेलं असं खलाशांना वाटलं, आणि वेग कमी केला तो दोनपैकी एकाच बाजूचा, त्यामुळे नाव वळत गेली. पुरेसं प्रशिक्षण नव्हतं हे खरंच, पण चौकशीत पडद्याच्या रचनेवरही बोट ठेवलं गेलं. २०१९ मध्ये नौदलाने अशा नौकांवर पुन्हा हाताने ढकलायचे थ्रॉटल बसवायचं जाहीर केलं. हाताला जे न बघता कळतं, ते काचेला सांगता येत नाही.

आपल्या इमारतीत युद्धनौका नसते, पण आग लागू शकते. धूर बाहेर काढणारे पंखे, फायर पंप, आणि प्रत्येक मोठ्या मोटरचा ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर, एवढं तरी खऱ्या, खटकन फिरणाऱ्या स्विचवर असू द्या, पडदा काळा पडला तरी चालेल असं. बाकी हजार गोष्टी खुशाल काचेत घाला, काच त्यासाठीच जन्माला आली. फक्त कोटेशन मागवण्याआधी एकदा रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारा, "तुम्हाला अंधारात काय सापडायला हवं?" तो जे सांगेल ते काचेबाहेर ठेवा.