येरवड्याच्या वाटेवर : चांगली आधारसेवा कशी ओळखावी?

१/ पुणे जिल्ह्यात कुणाचे डोके ठिकाणावर नाही असे सुचवायचे असेल, तर ‘याला येरवड्याला धाडा’ एवढे म्हटले तरी पुरते. मुंबईकर त्याच अर्थाने ठाण्याचे नाव घेतो. एखाद्या गावाचे नाव थट्टेचा विषय होते, तेव्हा त्यामागे बहुधा शे-दीडशे वर्षांचा इतिहास असतो. आजचा धागा त्या इतिहासावर आहे. निमित्त बारामती आणि इंदापूरचे, कारण येरवडा या दोन तालुक्यांपासून नुसता दूर नाही, शंभर किलोमीटर आणि त्याहून अधिक दूर आहे.

२/ आरंभ जरा मागून करू. सुपे आणि इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीतले. सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. त्या काळी अपंगत्वाचे एक मोठे कारण म्हणजे लढाई. सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची नोंद आहे : पडलेल्यांच्या मुलांना चाकरी, विधवांना निम्मे वेतन आणि जखमींना जखम पाहून होन. बखर १६९७ ची, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ चार दशकांनी लिहिलेली, हे भान ठेवूनही नोंद मोलाची आहे. राज्यासाठी देह झिजला तर राज्य त्याचे देणे लागते, हा विचार तिच्यात स्पष्ट दिसतो.

३/ पण ही भरपाई झाली. होन घरी आले, पुढे काय? हात गमावलेल्या शिपायाला रोज सकाळी उठवायचे कुणी, शेत पाहायचे कुणी, हे प्रश्न घर आणि भावकीवर सोडलेले होते. आणि जो लढाईत जखमी झाला नाही, जन्मतःच वेगळा आहे किंवा मनाने खचला आहे, त्याची नोंद कागदांत क्वचितच येते. ‘पूर्वी गाव सगळ्यांना सांभाळायचे’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. गावाने काहींना सांभाळले, काहींना देवळाच्या पायरीवर बसवले आणि काहींना गोठ्यात बांधून ठेवले.

४/ कंपनी सरकार आले आणि तिसरा मार्ग निघाला : भिंत. १८२६ साली मुंबईत कुलाब्याला वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले, १८६४ मध्ये नागपूरला. पुढे रत्नागिरी, ठाणे, येरवडा. १८५८ च्या कायद्याने पोलिसाला अधिकार दिला, की भटकणारा ‘वेडा’ दिसला तर त्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे. भाषा नीट पाहा : ही रुग्णासाठी केलेली व्यवस्था नव्हे, रस्त्यासाठी केलेली आहे. १९१२ चा कायदा याच वळणाचा, आणि तो स्वतंत्र भारतातही १९९३ पर्यंत चालू होता! येरवड्याचे रुग्णालय वाढत वाढत अडीच हजारांहून अधिक खाटांचे झाले. सेवा किती मोठी, हे खाटा मोजून ठरवण्याची सवय आपल्याला तिथूनच लागली असावी.

५/ इंदापूरच्या बाजूच्या एखाद्या कुटुंबाच्या डोळ्यांनी हे पाहा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी रुग्णाला पुण्याला न्यायचे म्हणजे दोन माणसांचा दिवसाचा रोजगार बुडवून एस्टीचा प्रवास. एकदा दाखल केले की भेटी विरळ होत जातात. वर्षाने तो बरा होतो, पण घरात त्याची जागा भरून गेलेली असते. अंतर हे इथे नुसते गैरसोयीचे कारण नव्हते. माणूस कुटुंबातून पुसला जाण्याचे ते एक साधन ठरत होते.

६/ जगात दुसरे प्रयोग चालूच होते. बेल्जियममधील घील या गावात मध्ययुगापासून सामान्य कुटुंबे मनोरुग्णांना घरी ठेवून घेत आली आहेत. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांबरोबर नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहू दिले. उपचार शिकून घरचीच माणसे परत जात. इटलीने १९७८ साली कायदा करून मनोरुग्णालये बंद करण्याचा निर्णय घेतला. भारतात १९८२ चा राष्ट्रीय कार्यक्रम आला, बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोग झाला आणि त्यावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

७/ तरीही ६ ऑगस्ट २००१ उजाडलाच. तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. आतली माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण गेले. ध्यानात घ्या, ते ठिकाण सरकारी नव्हते, भिंतीआडचे प्रचंड इस्पितळ नव्हते. वस्तीतले, श्रद्धेच्या छायेतले होते. म्हणून सेवा ‘समाजात’ आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही. या धाग्यातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच.

८/ मग ओळखायचे कसे? २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराने (भारताने तो २००७ मध्ये मान्य केला) दिशा दिली. मनोसामाजिक दिव्यांगत्वाच्या संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२१ मध्ये एक मार्गदर्शिका काढली आणि जगभरातून वीसहून अधिक सेवा नमुना म्हणून निवडल्या. कसोट्या पाच : माणसाचा स्वतःचा निर्णय मानला जातो का, जबरदस्ती टाळली जाते का, सेवा चालवण्यात अनुभवातून गेलेल्यांचा सहभाग आहे का, माणूस समाजात मिसळतो का, आणि रोग झाकण्यापेक्षा आयुष्य पुन्हा उभे करण्यावर भर आहे का. खाटांची संख्या या यादीत कुठेच नाही.

९/ आणि आता मराठी वाचकाने थांबावे अशी जागा. त्या निवडक सेवांत ‘आत्मीयता’ नावाचा भारतीय प्रकल्प आहे. नोंद गुजरातची, मेहसाणा जिल्ह्याची. पण त्याचा जन्म महाराष्ट्रातला : २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या केंद्राने तो प्रथम राबवला. रचना साधी. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण द्यायचे. ‘मित्र’ खचलेली माणसे हेरतो, आणि त्याहून अधिक प्रशिक्षित ‘चॅम्पियन’ चार-सहा भेटींत त्यांच्याशी बोलतो, मोबाइलवर लहान चित्रफिती दाखवतो, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवतो. शिवाय सरकारी योजनांचे अर्ज भरायला मदत करतो, कारण कर्ज आणि रेशन हेही मनावरचेच ओझे असते. पुढे मेहसाण्यात हे काम सहाशेहून अधिक गावांत गेले.

१०/ गंमत अशी की याच मेहसाण्यात उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. बाधा उतरवण्यासाठी लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या जात आले, आणि तिथे दवा व दुआ यांची सांगड घालणारा उपक्रमही झाला. म्हणजे एरवाडीतल्यासारखेच श्रद्धास्थान, पण साखळीऐवजी औषध आणि संवाद. स्थळ तेच राहून वागणूक बदलू शकते.

११/ बारामती-इंदापूरला परत येऊ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यांत मानसिक आजारही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडांना मनाई केली आणि समाजात राहण्याचा हक्क स्वतंत्र कलमात लिहिला. १८५८ चा कायदा जिथून माणसाला उचलत होता, तिथेच राहण्याचा हा हक्क. दीडशेहून अधिक वर्षे लागली.

१२/ कागदावरून गावात उतरायचे तर पैसा लागतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा नियम आहे. ती बहुतेकदा वस्तू वा रक्कम वाटून संपते आणि वाटपाचे छायाचित्र निघते. सभासदाच्या बखरीतले होनच म्हणा ना! वस्तूही हवीच, खुर्चीविना घराबाहेर कसे पडणार? पण तीच रक्कम गावातल्या एखाद्या प्रशिक्षित ताईच्या मानधनाला, किंवा आठवड्यातून एकदा बारामतीच्या दवाखान्यात नेणाऱ्या गाडीला लावता येईल का, हे विचारायला ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तिच्या नेहमीच्या तारखा. आणि ती ज्या सभागृहात भरते, त्याच्या पायऱ्या किती आहेत तेही जाताना मोजून घ्या.