विरोधी बाकावरचा अध्यक्ष

सभागृहात ज्यांची संख्या थोडी, त्यांचा सारा भरवसा अध्यक्षांच्या खुर्चीवर असतो. बहुमतवाल्यांचे काम हात वर करून भागते. थोडक्यांना मात्र आधी बोलायची संधी मिळावी लागते, आणि ती देणे न देणे अध्यक्षांच्या हाती असते. आम्हा मुसलमानांना हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच विरोधी पक्षाचा माणूस या खुर्चीवर कसा बसला, हा इतिहास आपण मुद्दाम पाहिला पाहिजे.

ब्रिटिश अमदानीत दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट हे सरकारने नेमलेले होते. ऑगस्ट १९२५ मध्ये सभासदांनी प्रथमच आपला अध्यक्ष निवडला. स्वराज्य पक्षाचे, म्हणजे सरकारविरोधी बाकावरचे विठ्ठलभाई पटेल उभे राहिले आणि टी. रंगाचारियार यांच्याविरुद्ध ५८ विरुद्ध ५६ मतांनी निवडून आले. फरक फक्त दोन मतांचा! खुर्चीवर बसताच विठ्ठलभाईंनी पक्ष सोडला. १९२७ साली त्यांची फेरनिवड झाली ती बिनविरोध. पुढे १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर मते समसमान पडली, तेव्हा त्यांनी आपले निर्णायक मत विधेयकाच्या विरोधात टाकले आणि सरकारचे विधेयक पडले.

१९२५ ते १९४६ या काळात जे सहा अध्यक्ष निवडले गेले त्यांत तिघे मुसलमान होते: सर मुहंमद याकूब, मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला आणि सर अब्दुर रहीम. १९३५ ची निवडणूक तर आवर्जून आठवावी अशी आहे. काँग्रेस तेव्हा विरोधात होती आणि तिने तसद्दुक अहमद खान शेरवानी यांना उभे केले. समोर अब्दुर रहीम होते. दोघेही मुसलमान, तेव्हा मते धर्मावर नव्हे, बाजूवर पडली. अब्दुर रहीम ७० विरुद्ध ६२ मतांनी निवडून आले. विरोधकांची ती बाजी हुकली.

जानेवारी १९४६ मध्ये मात्र ती साधली. काँग्रेसचे गणेश वासुदेव मावळंकर यांनी सरकारी बाजूचा पाठिंबा असलेल्या सर कावसजी जहांगीर यांना ६६ विरुद्ध ६३ मतांनी हरवले. मावळंकर अहमदाबादचे, पण घराणे मूळचे कोकणातले.

या साऱ्या घडामोडींत आम्हा मिरजकरांचे एकही मत नव्हते. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि संस्थानी प्रजेला दिल्लीच्या कायदेमंडळात जागा नव्हती. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि लोकसभेसाठी पहिले मत आम्ही १९५१-५२ च्या निवडणुकीत दिले. मे १९५२ मध्ये त्या पहिल्या लोकसभेने अध्यक्ष निवडला, तेव्हा काँग्रेसचे मावळंकर आता सत्तारूढ बाजूचे उमेदवार होते आणि विरोधकांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे यांना उभे केले होते. मावळंकर ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडून आले. सहा वर्षांपूर्वी तीन मतांवर तरलेला माणूस आता प्रचंड बहुमताचा अध्यक्ष झाला.

बहुमत एवढे मोठे झाले की खुर्ची आपलीच वाटू लागते. त्यावर उपाय म्हणून निदान उपाध्यक्षपद विरोधकांना द्यावे, असा संकेत हळूहळू रुजला. १९५६ मध्ये विरोधी बाकावरचे सरदार हुकम सिंग उपाध्यक्ष झाले. १९९८ मध्ये भाजपच्या आघाडीचे सरकार असताना लक्षद्वीपचे काँग्रेस खासदार पी. एम. सईद यांची निवड झाली आणि २००४ पर्यंत ते या पदावर राहिले. हा संकेत होता, कायदा नव्हता. राज्यघटनेचे ९३ वे कलम उपाध्यक्ष शक्य तितक्या लवकर निवडा म्हणते, कोणत्या बाजूचा ते म्हणत नाही. मग २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेत हे पद पाचही वर्षे रिकामेच राहिले. द्यायचे नसले की रिकामे ठेवायचे, ही नवी रीत!

इंग्लंडात १९९२ साली हुजूर पक्षाचे बहुमत असूनही मजूर पक्षाच्या बेटी बुथ्रॉइड ३७२ विरुद्ध २३८ मतांनी स्पीकर झाल्या. सत्ताधारी सभासदांनी साथ दिल्याखेरीज हे होणे शक्य नव्हते.

मान दुसऱ्याच्या हाती सोपवणे आमच्या मातीला नवे नाही. मिरजेत ख्वाजा मिरासाहेबांच्या उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. त्याने दर्ग्याची इज्जत कमी झाली नाही, उलट उरूस साऱ्या गावाचा झाला. सभागृहाची खुर्ची हीही अमानतच आहे. ती विरोधकाच्या हाती देणाऱ्याचे काही जात नाही, आणि घेणाऱ्याने विठ्ठलभाईंसारखा आपला पक्ष दाराबाहेर ठेवला, तर मागच्या बाकावरच्या एकट्यादुकट्यालाही आपला आवाज ऐकला जाईल असा विश्वास वाटतो.