सोपं बोलणारा माणूस

मंडळी, २० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले, तेव्हा जो तो त्यांच्या आवाजाबद्दल लिहीत होता. मला आठवली ती त्यांची भाषा. 'बिनाका गीतमाला' १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झाली. हिंदीशी फटकून राहणाऱ्या आमच्या आजीलाही बुधवारी रात्री सगळं कळायचं!

याचं मूळ त्यांच्या आईकडे आहे. कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक काढायच्या. सोपी हिंदुस्थानी, पण लिप्या तीन: देवनागरी, उर्दू, गुजराती. अमीनभाई त्यात हातभार लावायचे. नुकतीच अक्षरओळख झालेल्यालाही समजेल असं बोलायचं, हा धडा तिथलाच.

आवाज देवानं दिला असेल. सोपेपणा मात्र कमवावा लागतो. आम्ही ब्लॉगवाल्यांनी एवढं घेतलं तरी पुरे...