जुन्या घड्याळाचे अस्सलपण आणि मोल

मराठी दप्तरांतून ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे दोन शब्द जोडीने वावरतात. दोन्ही मूळचे अरबी. पहिल्याच्या मुळाशी ‘मूळ, बुंधा’ हा अर्थ आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी ‘एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे’ हा. ज्यावर मूळचा शिक्का तो कागद अस्सल आणि त्यावरून उतरून घेतलेली प्रत ती नक्कल, अशी ही सरळ विभागणी होय. तथापि तीत एका तिसऱ्या प्रकाराला जागा नाही. जिच्यातील प्रत्येक पान अस्सल आहे, परंतु ती पाने मुळात एकत्र नव्हती, अशा पोथीला काय म्हणावे? हा प्रश्न पोथ्यांपुरता मर्यादित नाही. २०२१ साली जिनीव्हा येथे विकल्या गेलेल्या एका मनगटी घड्याळाने तो जुन्या वस्तूंच्या व्यापारात मोठ्या तीव्रतेने उपस्थित केला.

स्वित्झर्लंडमधील ओमेगा कंपनीने १९५७ साली ‘स्पीडमास्टर’ हे कालमापक घड्याळ बाजारात आणले. वेग मोजण्याची मापपट्टी तबकडीवर न छापता काचेभोवतीच्या पोलादी कड्यावर कोरलेली असणे आणि तासकाट्याचे टोक बाणाच्या रुंद पात्यासारखे असणे, या त्याच्या आरंभीच्या घडणीच्या ठळक खुणा होत. आत ३२१ या क्रमांकाचे, हाताने चावी देण्याचे यंत्र असे. १ मार्च १९६५ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ने अंतराळवीरांसाठी स्पीडमास्टरला मान्यता दिली आणि १९६९ साली ते चंद्रावर पोचले. चंद्रावर गेलेली घड्याळे नंतरच्या घडणीची होती. परंतु त्या कीर्तीचा लाभ २९१५–१ या पहिल्या घडणीलाही झाला.

याच घडणीचे एक घड्याळ नोव्हेंबर २०२१ मध्ये फिलिप्स या संस्थेच्या लिलावात आले. त्याची मूळची काळी तबकडी कालांतराने तपकिरी झालेली होती. वास्तविक हा रंगाचा दोष. पण संग्राहकांच्या दृष्टीने तोच दुर्मीळ गुण ठरतो. अंदाजित किंमत ८०,००० ते १,२०,००० स्विस फ्रँक होती. प्रत्यक्षात ते शुल्कासह ३१,१५,५०० फ्रँकांना, म्हणजे वरच्या अंदाजाच्या सुमारे २६ पटींना गेले. खरेदीदार होती स्वतः ओमेगा कंपनी. आपल्या संग्रहालयासाठी तिने ते घेतले. जून २०२३ मध्ये एका स्विस वृत्तपत्राने या घड्याळाविषयी शंका प्रसिद्ध केल्या. त्यानंतर कंपनीने जाहीर केले की, ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले असून या व्यवहारात संग्रहालयाच्या माजी प्रमुखासह तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. लिलावसंस्थेचे म्हणणे असे की, यंत्राच्या निर्मितीची तारीख, घडणीचा क्रमांक आणि विक्रीची तारीख यांची खातरजमा तिने विक्रीपूर्वी कंपनीकडूनच करून घेतली होती.

अशा घड्याळाची परीक्षा सामान्यतः अंगशः होते. तबकडीवरील अक्षरांचे वळण, काट्यांचा आकार, कड्यावरील कोरीव काम, झाकणाच्या आतील घडणीचा क्रमांक व यंत्रावरील अनुक्रमांक ही पाहिली जातात. अंधारात चमकणाऱ्या लेपाचीही साक्ष घेता येते. त्या काळच्या लेपात रेडियम असे. लेपाची चमक विझली तरी रेडियमचा किरणोत्सर्ग टिकतो, कारण त्याचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षांचा आहे. ही परीक्षा आवश्यक आहे. परंतु तिने सिद्ध होते ते एवढेच, की अमुक भाग अमुक काळचा आहे. तो भाग त्याच घड्याळाचा आहे, हे तिने सिद्ध होत नाही.

नेमकी येथेच पुराव्याची कडी कच्ची राहते. त्या काळच्या स्पीडमास्टरमध्ये अनुक्रमांक यंत्रावर असे, कवचावर नसे. अमुक यंत्र कोणत्या घडणीच्या घड्याळात बसवून कारखान्याबाहेर पडले, हे कंपनीच्या नोंदवह्यांवरून कळते. म्हणजे ज्या यंत्राची नोंद अनुकूल असेल, त्याच्याभोवती उरलेले घड्याळ रचणे अशक्य नसते. त्यातही नोंदी सांभाळणारी, त्यांची ग्वाही देणारी आणि शेवटी खरेदी करणारी संस्था एकच असेल, तर साक्षीदार आणि ग्राहक यांत अंतर उरत नाही. पुराव्याची स्वतंत्रता तेथेच संपते.

तथापि भाग बदललेले प्रत्येक घड्याळ बनावट ठरवणे अन्यायाचे होईल. घड्याळजीने झिजलेले काटे बदलावेत, डागाळलेल्या तबकडीच्या जागी नवी बसवावी, हा नेहमीचा व्यवहार होता. किंबहुना जे घड्याळ मालकाने जपून वापरले आणि वेळोवेळी दुरुस्त करून घेतले, त्यातच मूळचे भाग कमी उरतात. दुरुस्ती आणि बनाव यांतील भेद भागांच्या अदलाबदलीत नसून तिच्या प्रकटनात आहे. बदल सांगितला तर तो घड्याळाच्या इतिहासाचा भाग होतो. लपवला तर तो खोटा इतिहास होतो.

योग्य किमतीचा विचारही याच भेदावर उभा राहतो. लिलावातील चढ्या बोलीवरून ती वस्तू त्या दिवशी कोणाला किती हवी होती एवढेच कळते. तिचे अस्सलपण त्यावरून कळत नाही. परंतु एकदा नोंदली गेलेली किंमत पुढील व्यवहारांत प्रमाण म्हणून पुढे केली जाते, आणि एका घड्याळाविषयीचा भ्रम त्याच्या जातीच्या सर्व घड्याळांच्या मोलात शिरतो. म्हणून किंमत ठरवताना प्रत्येक भागाची सिद्धता, भागांच्या एकत्रतेचा पुरावा आणि पुरावा देणाऱ्याचा व्यवहारातील संबंध या तिन्हींचे मोल वेगवेगळे करणे इष्ट होय.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभून १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची संशोधित आवृत्तीही अनेक हस्तलिखितांतून जुळवलेली आहे. तिची संहिता तशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत सापडत नाही. तरीही तिला कोणी बनावट म्हणत नाही. कारण कोणता पाठ कोणत्या पोथीत आहे, हे पानाखालच्या टिपांत नोंदलेले आहे. जिनीव्हाच्या घड्याळाला नेमकी ही तळटीप नव्हती.