लेव्हंट खाण
इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील तांबे व कथिल यांची इतिहासप्रसिद्ध खाण. पेंडीन गावानजीक अटलांटिकच्या कड्यावर ती १८२० मध्ये सुरू झाली. धातुकाच्या शिरा समुद्रतळाखाली गेल्यामुळे तिचे बोगदे किनाऱ्यापासून सु. १·६ किमी. आत पोहोचले. खाणकामगारांना पूर्वी शिड्यांनी चढउतार करावी लागे. १८५७ मध्ये वाफ एंजिनाने खालीवर हलणारा लांब लाकडी दांडा कूपकात बसविण्यात आला. त्यावरील फळीवरून भिंतीलगतच्या ओट्यावर व तेथून पुढील फळीवर पाऊल टाकीत कामगार ये-जा करीत. २० ऑक्टोबर १९१९ रोजी पाळी संपवून शंभरावर कामगार वर येत असता दांड्याचा वरच्या टोकाचा धातूचा जोड तुटला आणि ३१ जण मृत्युमुखी पडले. हे यंत्र पुन्हा उभारले गेले नाही. खोल भागांतील खननही सोडून द्यावे लागले व १९३० मध्ये खाण बंद पडली.

चोरट्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या तटरक्षकांची जुनी पायवाट येथून बॉटॅलॅककडे जाते. पदभ्रमण करणाऱ्यांना वाटेत दिसणारी एंजिनघरे नयनरम्य खरी. परंतु खाणीचा खरा विस्तार त्यांना दिसत नाही, तो समुद्राखाली आहे. हा खाणप्रदेश २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. १८४० मधील वाफ एंजिन जागेवरच जतन केलेले असून दुर्घटनेच्या कूपकापर्यंत कामगार ज्या बोगद्यातून जात, तोही शिल्लक आहे.