बिऱ्हाड हलले की टीव्हीचे काय?

घर बदलताना टीव्हीचा संच टेम्पोत चढतो. तो पाहण्याचा हक्कही त्याच टेम्पोतून नव्या घरी जातो का, याचे उत्तर भारतात काळानुसार बदलत गेले आहे. परवान्यांच्या काळात हा हक्क पोस्टाच्या वहीत होता, केबलच्या काळात गल्लीतल्या तारेवर होता आणि डिशच्या काळात तो ग्राहकाच्या नावावर आला. कायद्यांची कलमे, परवान्याच्या पुस्तिका आणि नियामकाचे नियम एकापुढे एक ठेवले की हा प्रवास दिसू लागतो.

सुरुवात रेडिओपासून करावी लागते. १८८५च्या तार कायद्याचा रोख तारयंत्रणा उभारणे, राखणे आणि चालवणे यांवर होता. घरात संच आहे एवढ्यावरून कुणाला दोषी धरायला तो कायदा तोकडा पडे. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. संचामागे वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क होते आणि त्याचा ८० टक्के वाटा कंपनीला मिळे. परवाने थोडे निघाले, विनापरवाना ऐकणारे होतेच, आणि १९३०मध्ये कंपनी बुडाली. त्यानंतर आलेला १९३३चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा १ जानेवारी १९३४पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमाने परवान्याविना संच जवळ बाळगण्यालाच मनाई केली. पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत आणि पुढच्या गुन्ह्यांना अडीचशेपर्यंत दंड होता.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे ते सहावे कलम. संच ज्याच्या उघड ताब्यात आहे, किंवा ज्या जागेवर एखाद्याचे प्रत्यक्ष नियंत्रण आहे त्या जागेत तो सापडला आहे, तर तो संच त्याच्याच ताब्यात आहे असे न्यायालयाला गृहीत धरता येईल, असे ते सांगते. त्यामुळे विकत घेतल्याची पावती कुणाच्या नावावर आहे याला दुय्यम महत्त्व उरते. संच भावाच्या घरी ठेवला, तर जाब भावाला विचारता येतो. कायद्याने माणसाला पकडले, पण त्याच्या घराच्या दारातून. घर बदलणे ही त्यामुळे निव्वळ खासगी बाब राहत नाही; ताब्याची जागाच बदलते.

परवाना देण्याचा अधिकार पाचव्या कलमाने तार खात्याकडे ठेवला. टपाल आणि तार १९८५पर्यंत एकच खाते असल्याने प्रत्यक्ष काम पोस्टाच्या खिडकीवर आले. दूरचित्रवाणीसाठी निराळा परवाना-कायदा झाला नाही. टीव्ही याच चौकटीत बसवला गेला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यात चित्र दिसू लागले. त्या काळात रेडिओला वर्षाला १५ रुपये आणि टीव्हीला ५० रुपये भरावे लागत. त्या परवान्यांच्या छोट्या पुस्तिका आज काही घरांच्या ट्रंकांत आणि तिकीट-संग्राहकांकडे सापडतात. शुल्काची खास तिकिटे आत चिकटवलेली असतात आणि त्यांवर टपाल कार्यालयाचा तारखेसह शिक्का असतो.

कुटुंबाच्या स्थलांतराचा मागोवा घ्यायला ही पुस्तिका उपयोगी आहे, पण ती सावधपणे वाचावी लागते. काही वर्षे एका पोस्टाचा आणि पुढे दुसऱ्या पोस्टाचा शिक्का दिसला, तर मधल्या काळात बिऱ्हाड हलले असा अंदाज बांधता येतो. तो पक्का करायला रेशनकार्ड, भाडेपावती किंवा शाळा सोडल्याचा दाखला यांपैकी काही जोडीला हवे. पैसे भरणारा कचेरीजवळच्या पोस्टात गेला असेल, हीही शक्यता उरते. शिक्क्याची तारीख शुल्क भरल्याची असते. घर कधी बदलले ते त्या तारखेवरून ठरत नाही. फार तर ते कोणत्या दोन तारखांच्या मधे बदलले एवढे कळते.

त्या काळातली एक गोष्ट परवान्याच्या कागदावर दिसत नाही. ती प्रक्षेपण केंद्रांच्या नकाशावर दिसते. १९७४मध्ये दूरदर्शन दिल्ली, मुंबई-पुणे, श्रीनगर आणि अमृतसर एवढ्याच परिसरांत होते. दादरहून नागपूरला बदली झालेल्या नोकरदाराचा परवाना नागपुरात खोटा ठरत नव्हता, पण संचावर मुंग्यांखेरीज काही दिसणार नव्हते. हक्क कागदाने दिला तरी तो वापरता येईल की नाही, हे लहरींची पोच ठरवत होती.

पुढे १९८०च्या दशकात ही परवानापद्धती संपली आणि प्रेक्षक सरकारी वहीतून बाहेर पडला. १९९१च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गच्च्यांवर छत्र्या चढल्या आणि इमारतींमधून केबलच्या तारा फिरल्या. २९ सप्टेंबर १९९४च्या अध्यादेशाने आणि नंतर १९९५च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्याने या व्यवसायाची नोंदणी सक्तीची केली. नोंदणी पुन्हा पोस्टातच, म्हणजे त्या भागाच्या मुख्य टपाल कार्यालयात. आता मात्र नाव केबलवाल्याचे होते, घराचे नव्हते.

या कायद्यातली ग्राहकाची व्याख्या मुद्दाम पाहण्यासारखी आहे. स्वतः केबलवाल्याला दाखवून दिलेल्या जागी जो संकेत घेतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला देत नाही, तो ग्राहक. जागा व्याख्येतच आहे. जागा सुटली की या अर्थाने ग्राहकपणाही सुटतो. व्यवहारही तसाच होता. जुन्या एरियाचा केबलवाला तार काढी, नव्या एरियाचा लावून देई. मधे बॉक्स नसल्यामुळे बरोबर न्यायचे काही नसे, आणि दोघे वेगळे धंदेवाले असल्यामुळे एकाकडे भरलेली अनामत दुसऱ्याकडे चालत नसे. या काळाचे घरगुती पुरावे म्हणजे महिन्याच्या पावत्या. तार गेली की त्याही टिकत नसत. म्हणून १९७०च्या दशकातल्या प्रेक्षकाचा पत्ता शोधणे १९९०च्या दशकातल्या प्रेक्षकापेक्षा सोपे जाते.

१५ मार्च २००१च्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांनी चित्र बदलले. संकेत थेट उपग्रहावरून येणार असल्याने गल्लीची हद्द उरली नाही. डिश टीव्ही २००३मध्ये आली, टाटा स्काय २००६मध्ये. टाटा स्कायचा संकेत ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या इन्सॅट-४एवरून येत होता. ठाण्याची डिश अमरावतीला नेली तरी उपग्रह तोच, फक्त तिची दिशा पुन्हा जुळवायची. त्याच तत्त्वांमध्ये सेटटॉप बॉक्स खुल्या रचनेचा असावा आणि एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालावा, अशी अट होती. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीची कुलूपयंत्रणा वेगळी राहिली. ११ एप्रिल २०२० रोजी दूरसंचार नियामकाने बॉक्सच्या अदलाबदलीची शिफारस पुन्हा केली. एकोणीस वर्षांनी तीच मागणी करावी लागली, यावरून २००१ची अट कागदावरच राहिली होती हे स्पष्ट होते.

प्रसारण ९ जानेवारी २००४ रोजी नियामकाच्या कक्षेत आले आणि घर बदलण्याला नियमांत जागा मिळाली. २००६चे कॅस (पैसे भरलेल्या वाहिन्याच बॉक्समधून दिसण्याची केबलपद्धत) भागांसाठीचे आणि २००७चे डीटीएचसाठीचे सेवा-गुणवत्ता नियम जोडणी देणे, तोडणे, हस्तांतर आणि स्थलांतर यांचा एकत्र विचार करतात. यातल्या शेवटच्या दोन विनंत्या वेगळ्या ओळखायला हव्यात. हस्तांतरात नाव बदलते: वडिलांच्या नावाची जोडणी मुलाच्या नावावर होते. स्थलांतरात नाव तेच राहून पत्ता बदलतो. नाव आणि पत्ता या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हे इथे नियमाच्या भाषेत आले. २०१२पासून मुंबईत आणि नंतर पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत केबलही डिजिटल झाली. प्रत्येक घरी बॉक्स आला, अर्ज भरून घेतले गेले आणि ग्राहकाचे नाव व पत्ता कंपनीच्या संगणकात नोंदला गेला. पोस्टातून बाहेर पडलेला प्रेक्षक पुन्हा वहीत आला. ही वही खासगी होती.

३ मार्च २०१७च्या नियमांनी डीटीएच आणि केबल यांना एका चौकटीत आणले. नव्या जोडणीच्या उभारणीसाठी ३५० रुपये आणि सुरू करण्यासाठी १०० रुपये अशी कमाल मर्यादा तेव्हा ठरवली गेली होती. स्थलांतराच्या विनंतीला मात्र ‘तांत्रिक आणि व्यावहारिकदृष्ट्या शक्य असल्यास’ अशी मर्यादा आहे. डिशच्या बाबतीत ही अट क्वचित आडवी येते: आकाशाची ती बाजू मोकळी असली आणि सोसायटीने गच्चीवर जागा दिली की भागते. केबलच्या बाबतीत नव्या घरापर्यंत त्याच कंपनीचे जाळे नसेल, तर ती अट आडवी येते. ग्राहकाचे नाव कायम राहते, पण सेवा पुन्हा नव्याने घ्यावी लागते.

परवान्यापासून करारापर्यंतच्या या कागदांचा एकत्र अर्थ असा लागतो: हक्क हळूहळू जागेपासून सुटून माणसाकडे सरकला, तरी जागेची पकड पूर्ण सुटलेली नाही. १८८५ आणि १९३३चे कायदे मागे टाकणारा टेलिकम्युनिकेशन कायदा २०२३मध्ये आला. त्यानंतरही घर बदलणाऱ्याचा रोजचा वाद अर्जाच्या प्रतीवर आणि बॉक्सच्या पावतीवरच मिटतो. बॉक्स विकत घेतलेला आहे की भाड्याचा, हे त्या पावतीवर असते. विकतचा बॉक्स मालकाचा, तो हवा तिथे नेता येतो. भाड्याचा बॉक्स करारानुसार परत करावा लागतो. सामान बांधताना हे दोन कागद रद्दीत जाऊ देऊ नयेत. ते आज तक्रारीच्या कामी येतात, आणि पुढे कुणी या काळाचा इतिहास लिहायला बसला तर त्यालाही तेच शोधावे लागतील.