एका फुलाची तीन नावं

आज इतिहास सांगणार आहोत, पण राजा-राणीचा नाही. जुन्नरकडच्या डोंगरकड्यावर वाढणाऱ्या एका वीतभर झुडपाचा.

आपल्याकडे त्याला शिंदळ माकडी म्हणतात. ज्या शब्दाने बाईला शिवी देतात, तोच या बिचाऱ्या झाडाच्या कपाळी आला. हे नाव पुढे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही जाऊन बसलं. आम्हाला ते उच्चारताना दरवेळी अडखळायला होतं, पण जुनं नाव म्हणून सांगितलंच पाहिजे.

दुसरं नाव साहेबाचं. निकोल डॅल्झेल हा मूळचा स्कॉटलंडचा. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचा तो प्रमुख होता. त्याच्या आधी त्या जागेवर असलेल्या गिब्सनसाहेबाने जुन्नरजवळ हिवऱ्याला औषधी झाडांची सरकारी बाग चालवली होती. दोघांनी मिळून १८६१ साली मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं एक मोठं पुस्तक काढलं. त्यानंतर डॅल्झेलने जुन्नरच्या डोंगरातली ही माकडी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकातून जगापुढे ठेवली आणि तिला नाव दिलं फ्रेरिया इंडिका. फ्रेरिया का, तर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते सर बार्टल फ्रेअर.

या फ्रेअरसाहेबाची एक गंमत आहे. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी त्यांच्याच कारकिर्दीत पाडली. तिथे जे कारंजं उभं राहिलं, त्याला त्यांचंच नाव द्यायचं ठरलं होतं. पण शेवटी ते फुलांच्या देवीच्या नावाने फ्लोरा फाउंटन झालं. म्हणजे कारंजं गेलं देवीकडे आणि फूल राहिलं साहेबाकडे! अलीकडे शास्त्रज्ञांनी प्रजाती बदलून तिला बुसेरोसिया फ्रेरी म्हटलं, तरी फ्रेअर काही सुटला नाही.

त्याच घरातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १८६५-६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नरांचा तांडा दख्खनमध्ये फिरत होता. त्यांची मुलगी मेरी सोबत होती आणि तिची आया अ‍ॅना लिबराटा डिसूझाही. अ‍ॅनाने आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या, मेरीने त्या लिहून घेतल्या आणि १८६८ साली त्यांचं पुस्तक झालं. त्यात अ‍ॅनाने स्वतःच्या आयुष्याची हकीकतही सांगितली आहे. गोष्टी सांगणारीचं नाव निदान छापलं गेलं. डॅल्झेलच्या आधी शेकडो वर्षं या कड्यांवर शेळ्या घेऊन जाणाऱ्यांनी हे झाड पाहिलेलं असणारच, पण त्यांच्यापैकी कुणाचं नाव झाडाला लागलं नाही.

आता झाडाकडे वळू. तिच्या जातभाईंना पानं नावालाच असतात, नुसती मांसल खोडं. या माकडीला मात्र पावसाळ्यात चांगली हिरवी पानं फुटतात. उन्हाळ्यात ती झडतात आणि हिरवं खोडच अन्न बनवतं, पाणी साठवून धरतं. पाऊस ओसरू लागला की फुलं येतात: दोनेक सेंटीमीटरची पाच टोकांची चांदणी, गडद तांबडी, वर पिवळे ठिपके. माश्या येऊन परागीभवन करतात. बियांना रेशमी झुपका असतो, त्यावर त्या वाऱ्याने उडतात. पण उडून टेकायचं कुठे? मातीची चिमूट असलेली खडकाची भेग लागते, आणि तीही शेळीचं तोंड पोचणार नाही अशी.

म्हणून ती सह्याद्रीच्या मोजक्याच कड्यांवर उरली आहे. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, अशी नावं त्यात येतात. भारताच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत ती कधीच गेली. गवत चांगलं यावं म्हणून लावलेला वणवा, रस्त्यासाठी कापलेला उतार, पावसात कोसळणारी दरड, गडाच्या सफाईत तण समजून उपटलेली झुडपं, यातलं काहीही एकदा झालं की अख्खी वस्ती संपते. शेजारच्या डोंगरावरून बी येईल म्हणावं, तर तिथे ती नसतेच.

गंमत अशी की तिला वाढवणं अवघड नाही. खोडाचा तुकडा मुरमाड मातीत लावला की मूळ धरतो. परदेशातले हौशी लोक ती कुंड्यांतून वाढवतात. पण एकाच झाडाचे तुकडे करून शंभर कुंड्या भरल्या, तरी रोप एकच. बियांतून येणारा वेगळेपणा त्यात नसतो. शिवाय फांदी तोडायला कड्यावर चढणाराच कधी कधी ती मुळासकट उपटून आणतो. आमचं म्हणणं, हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं रोप घ्या, डोंगरावरचं नको.

आणि तिसरं नाव राहिलंच. शिवरायांच्या जन्मस्थळी, शिवनेरीवर उगवणारी म्हणून तिला हल्ली शिवसुमन म्हणतात. आम्ही तरी तेच म्हणणार. गडावर शिवजयंतीला फेब्रुवारीत गर्दी होते, तेव्हा तिचा बहर सरलेला असतो. तिला पाहायचं तर पाऊस ओसरताना जा, पायवाट सोडू नका, आणि कड्याकडे खालूनच नजर टाका.